चहाच्या पेट्या आणि फ्रान्सचा राजा

या वेळचं पत्र खानापूर तालुक्यातल्या एका नववीतल्या मुलीचं आहे. नाव छापू नका म्हणाली म्हणून छापत नाही. पत्र लांब होतं, थोडं कापून देते:

"टीचर नमस्कार. मी मराठी मीडियमला आहे. शिवाजी महाराज, कित्तूर, संगोळ्ळी रायण्णा हे सगळं मला येतं पण जगाचा इतिहास सुरू झाला की डोकं चालत नाही. प्रबोधन, वसाहतवाद, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, भांडवलशाही, समाजवाद सगळ्या व्याख्या पाठ आहेत, एक मार्काचं येतं, पण 'कारणे द्या' आलं की सगळं एकमेकात मिसळतं. मागच्या टेस्टला फ्रेंच क्रांतीच्या कारणात मी चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या असं लिहून आले, वर्गात सगळे हसले. बाबा म्हणतात फ्रान्सच्या राजाचं मुंडकं उडवलं त्यात आपलं काय गेलं, गणित कर. मी काय करू? आणि सनावळ्या किती पाठ करायच्या तेपण सांगा."

अगं पोरी, आधी ते हसण्याचं बघू. चहाच्या पेट्या अमेरिकेतल्या बोस्टनच्या, त्या तू पॅरिसला नेऊन ठेवल्यास म्हणून मार्क गेले, ते बरोबरच आहे. पण त्या पेट्यांचा आणि फ्रान्सच्या राजाच्या मुंडक्याचा खरंच संबंध आहे, आणि तो कसा ते तुला कळलं की तुझं अर्ध काम झालं असं समज. हसणाऱ्यांना विचार की बोस्टनच्या बंदरात चहा कुणाचा होता? नव्वद टक्के पोरांना सांगता येणार नाही. तो आपल्या ईस्ट इंडिया कंपनीचा होता. तीच ती, जिनं पुढं 1818 ला बेळगावचा किल्ला घेतला.

आता नीट ऐक. 1756 ते 1763 इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात मोठं युद्ध झालं, सात वर्षांचं युद्ध म्हणतात त्याला, इंग्लंड जिंकलं पण कर्ज जवळजवळ दुप्पट झालं. आता हे कर्ज फेडायचं कुणी? लंडनवाले म्हणाले अमेरिकेतल्या वसाहतींनी फेडावं, तुमच्याच रक्षणासाठी लढलो ना, आणि 1765 ला कागदपत्रांवर स्टॅम्पचा कर बसवला. त्याच साली इकडं कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, म्हंजे शेतसारा गोळा करायचा हक्क, आणि पाच वर्षांत 1770 चा बंगालचा दुष्काळ, लाखो माणसं मेली तरी वसुली चालूच. एवढं करूनही कंपनी बुडायला आली होती, लंडनच्या गोदामात चहा पडून होता. मग 1773 ला पार्लमेंटनं कायदा केला की कंपनीनं चहा थेट अमेरिकेत विकावा, कर मात्र तसाच राहील. अमेरिकेतले लोक म्हणाले आमचा एक माणूस तुमच्या पार्लमेंटमध्ये नाही आणि कर आम्ही भरायचा? 16 डिसेंबर 1773 ला रात्री 342 पेट्या पाण्यात. 1776 ला स्वातंत्र्याची घोषणा.

इथं फ्रान्स येतो. इंग्लंडचा बदला घ्यायचा म्हणून 1778 पासून उघडपणे फ्रान्सच्या राजानं अमेरिकेला पैसे, सैनिक, जहाजं दिली. 1781 ला यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला (हाच कॉर्नवॉलिस पुढं 1786 ला गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडं आला, टिपूशी लढला, कायमधारा पद्धत, म्हंजे शेतसारा कायमचा ठरवून टाकायची पद्धत, आणली, तुमच्या पुस्तकात दोन वेगवेगळ्या धड्यात येतो म्हणून पोरांना वाटतं माणसंपण दोन आहेत). अमेरिका सुटली आणि फ्रान्स कर्जात बुडाला. 1788 पर्यंत सरकारच्या खर्चातला निम्म्याच्या आसपास पैसा नुसत्या कर्जासाठी जात होता. धर्मगुरू आणि सरदार बहुतेक करातून मोकळे, भरायचं कुणी तर शेतकरी, कारागीर, दुकानदार, वकील, म्हंजे तिसरा वर्ग, लोकसंख्येच्या 97-98 टक्के. मिठावरपण कर. त्यात 1788 चं पीक गेलं, पाव महाग झाला. राजाला नवा कर बसवायचा होता म्हणून त्यानं मे 1789 मध्ये तिन्ही वर्गांची सभा बोलावली, जी 1614 नंतर एकदापण भरली नव्हती. आणि मतं कशी मोजायची म्हणे, वर्गाला एक मत. म्हंजे धर्मगुरू आणि सरदार एकत्र आले की दोन विरुद्ध एक, 98 टक्केवाले कायम हरणार. तिथं भांडण लागलं, तिसरा वर्ग बाहेर पडला, राज्यघटना होईपर्यंत पांगायचं नाही अशी टेनिस कोर्टवर शपथ झाली, 14 जुलैला बॅस्टिलचा तुरुंग-किल्ला पडला, जानेवारी 1793 ला राजाचा शिरच्छेद.

तर बघ, बोस्टनच्या पेट्यांपासून राजाच्या मुंडक्यापर्यंत एकच प्रश्न चाललाय, बिल कुणी भरायचं? तू व्याख्या पाठ करणं बंद कर असं मी म्हणणार नाही, एक मार्काचं येतंय ते सोडायचं कशाला, पण प्रत्येक धड्याला हा एक प्रश्न विचार. युद्ध कुणी केलं, कर्ज कुणी काढलं आणि फेडलं कुणी. 'कारणे द्या' हा प्रश्न खरा इथंच असतो आणि पोरं तिथं नुसत्या घटना लिहून येतात.

बाबांचं उत्तरपण देते, कारण हा प्रश्न प्रत्येक घरात असतोय आणि तो काय वाईट प्रश्न नाही. तुमच्याकडं कापूस नसेल पण बाबांना धारवाडचा कापूस माहीत असणारच. इंग्लंडमध्ये यंत्रं आली, 1764 च्या सुमाराला सूत कातायचं जेनी यंत्र, मग पाण्यावरचं, मग वॅटच्या वाफेच्या इंजिनावरचं, हीच औद्योगिक क्रांती. यंत्र आलं की त्याला रोज कापूस लागतो, थांबवून चालत नाही. हा कापूस मुख्य अमेरिकेतून यायचा, आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या घामावर. पण एकाच देशावर किती अवलंबून राहायचं म्हणून इंग्रजांनी 1840 च्या दशकात अमेरिकन जातीचं बी आणून धारवाड भागात लावलं आणि ते इथं चांगलं आलं, धारवाड-अमेरिकन म्हणून त्याचं नावच पडलं बाजारात. मग 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस बंद, मँचेस्टरकडच्या गिरण्या रिकाम्या, आणि आपल्याकडच्या कापसाचा भाव आभाळाला. सावकार दारात येऊन पैसे देऊ लागले, घ्या आणि कापूस लावा. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईत शेअरचा बाजार बुडाला, सावकाराचं व्याज मात्र कोसळलं नाही. 1875 ला पुणे-नगरकडं शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, ते दख्खनचे दंगे. बाबांना हे जेवताना सांग आणि मग विचार की अमेरिकेतल्या लढाईत आपलं काय गेलं. ऊस लावणाऱ्या माणसाला भावाचं दुःख समजावून सांगायला लागत नाही, लगेच कळेल.

वसाहतवाद आणि साम्राज्यवाद यात गोंधळ होतो म्हणालीस. पुस्तकी फरक तुझ्याकडं आहेच. मी एवढंच सांगेन की जहाज घेऊन आले, ठाणं टाकलं, जमीन घेतली, आपली माणसं वसवली किंवा आपला अधिकारी बसवला ती वसाहत. आणि आपल्या गिरणीला कच्चा माल पाहिजे, आपल्या कापडाला गिऱ्हाईक पाहिजे म्हणून दुसऱ्या देशाचा कारभार, कायदा, भाव, रेल्वे कुठून कुठं जाणार हे सगळं आपल्या हातात ठेवायचं, ही जी सगळी व्यवस्था ती साम्राज्यवाद. वसाहत न करतासुद्धा साम्राज्यवाद चालतो. चीनला इंग्रजांनी भारतासारखा जिंकला नव्हता, तरी अफूची दोन युद्धं करून बंदरं उघडून घेतली आणि हाँगकाँग घेतलं. हे एक उदाहरण लिहिलंस तर पेपर तपासणारे खूश होतील, कारण सगळे भारताचंच लिहितात.

आणि हे सगळं सुरू कुठनं झालं तर भौगोलिक शोधांपासून. 1453 ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, पूर्वेचा व्यापार अवघड आणि महाग झाला, 1492 ला कोलंबस अमेरिकेला, 1498 ला वास्को द गामा कालिकतला, 1510 ला पोर्तुगीज अल्बुकर्कनं गोवा घेतला. गोवा म्हंजे आपल्याला चोर्ला घाट उतरला की आलाच. त्या एका बंदरातनं आपल्या ताटात काय काय आलं ते बघ. काजू मूळ ब्राझीलचा. मिरची, बटाटा, मका, शेंगा, निपाणीचा तंबाखू, सगळं अमेरिका खंडातलं. तुमच्याकडं रताळी लावतात ना, तीपण. आषाढी एकादशीचं ताट घे, रताळं, बटाटा, शेंगदाण्याचं कूट, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, हिरवी मिरची, सगळा उपवास अमेरिकन! ज्ञानेश्वर महाराजांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली असणं शक्यच नाही. पोरांना हे सांगितलं की पोरं उठून बसतात, पण तुला मी दुसरी बाजूपण सांगणार, कारण ती पुस्तकात दोन ओळीत उरकतात. तिकडनं पिकं आली आणि इकडनं तिकडं गेला देवीचा रोग, गोवर, ज्यांना तिथल्या मूळ लोकांच्या अंगात प्रतिकारच नव्हता, गावंच्या गावं संपली. मग खाणीत आणि मळ्यात राबायला माणसं कमी पडली म्हणून आफ्रिकेतनं गुलाम, तीन-साडेतीनशे वर्षांत अंदाजे सव्वा कोटी माणसं जहाजात कोंबली, त्यातली लाखो वाटेतच मेली. बिल कुणी भरलं हा प्रश्न इथं विचारला की मला तरी पुढं बोलवत नाही.

प्रबोधन आणि धर्मसुधारणा हे तुला कोरडं वाटत असेल तर छापखाना धरून वाच. 1450 च्या सुमाराला गुटेनबर्गचा छापखाना, त्यामुळं 1517 ला मार्टिन लूथरचं चर्चविरुद्धचं म्हणणं थोड्या दिवसांत जर्मनीभर पसरलं, आधी असा बंड करणारा साधू एका गावात दाबून टाकता यायचा. भारतातला पहिला छापखानापण 1556 ला गोव्यातच आला आणि 1616 ला तिथं एका इंग्रज पाद्र्यानं मराठीत ओव्या लिहून रोमन लिपीत छापल्यात. बाकी लिओनार्डो, मायकेलअँजेलो यांची नावं पाठच करावी लागतील, त्याला उपाय नाही.

भांडवलशाही, समाजवाद, साम्यवाद या तिघांसाठी साखर कारखान्याकडं बघ, आपल्या जिल्ह्यात काय कमी नाहीत. एका मालकाचा कारखाना, पैसा त्याचा, नफा त्याचा, तोटापण त्याचा, भाव बाजार ठरवणार, ती भांडवलशाही. कारखाना समाजाच्या किंवा सरकारच्या मालकीचा आणि नफा सगळ्यांसाठी वापरायचा, तो समाजवाद. आणि कारखानाच काय, ऊसाचं रानपण कुणा एकाचं नाही, सगळं सामायिक, वर्गच उरले नाहीत, तो साम्यवाद, निदान कागदावर. आपले सहकारी कारखाने या तिन्हीत नीट बसत नाहीत, ते सभासदांच्या मालकीचे असतात, त्यामुळं उदाहरण म्हणून डोक्यात ठेव, पेपरात लिहू नको. रशियात 1917 ला क्रांती झाली तेव्हा जमीन शेतकऱ्यांना असं सांगितलं होतं, आणि स्टॅलिननं 1929 पासून तीच जमीन काढून सामूहिक शेतं केली, 1932-33 ला युक्रेनमध्ये दुष्काळात लाखो मेले. विचार एक असतो आणि अंमल दुसराच होतो, दोन्ही लिहायचं. झारचं, म्हंजे क्रांतीआधीच्या राजाचं, राज्य वाईट होतं म्हणून नंतरचं सगळं चांगलं असं काही नसतंय.

आता माझा बिलाचा प्रश्न जिथं चालत नाही ते सांगते, नाहीतर सगळीकडं तोच लावशील. राष्ट्रवाद. माणसं पैशासाठी मरत नाहीत तेवढी 'आपण' म्हणून मरतात. इटली आणि जर्मनी हे देश म्हणून आपल्या पणजोबांच्या पणजोबांच्या काळात नव्हतेच, जर्मन बोलणारी 39 राज्यं होती, त्यातल्या प्रशिया या मोठ्या राज्याच्या पंतप्रधानानं, बिस्मार्कनं, तीन लढाया करून ऑस्ट्रिया सोडून बहुतेक राज्यं प्रशियाच्या मागं जोडली आणि 18 जानेवारी 1871 ला जर्मन साम्राज्याची घोषणा कुठं केली तर फ्रान्सच्या व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात, हरलेल्याच्या घरात जाऊन. आणि फ्रान्सचे अल्सेस आणि लोरेनचा काही भाग काढून घेतला. अल्सेसमध्ये 1870 ला जन्मलेली एखादी बाई धर. जन्मली फ्रान्समध्ये, वर्षभरात जर्मनीत, 1918 नंतर परत फ्रान्समध्ये, 1940 ला परत जर्मनीच्या ताब्यात, 1945 ला परत फ्रान्स. घर तेच, चूल तीच, शाळेची भाषा मात्र प्रत्येक वेळी बदलली. हे जगातल्या बाकी पोरांना समजावून सांगावं लागतं, आपल्याकडच्या पोरांना लागत नाही. तुझ्या पणजीला विचार, मुंबई राज्य, मग 1 नोव्हेंबर 1956 नंतर म्हैसूर राज्य, मग 1973 ला कर्नाटक, आणि ती गावातनं हलली पण नसेल. फरक एवढा की आपल्याकडं देश एकच राहिला, राज्य बदललं, तिथं देशच बदलत होता आणि रणगाडे घेऊन बदलत होता. हा फरक विसरायचा नाही, आणि आपला सीमाप्रश्न जागतिक इतिहासाच्या पेपरात घुसवायचा नाही, अल्सेस समजायला वापर आणि तिथंच ठेव. तपासणारे कोण असतील, काय मनात असेल, कशाला पाहिजे.

आणि त्याच व्हर्सायच्या त्याच आरसेमहालात 28 जून 1919 ला जर्मनीला तहावर सही करायला लावली. फ्रान्सनं जागा मुद्दाम निवडली. इथं राष्ट्रवाद आणि बिल दोन्ही एकत्र आले बघ. पहिल्या महायुद्धाची भरपाई म्हणून 1921 ला 132 अब्ज सोन्याचे मार्क जर्मनीच्या माथी मारले. 1923 ला तिथल्या नोटेची किंमत इतकी पडली की पाव घ्यायला अब्जावधी मार्क लागायचे. जरा सावरतायत तोवर 1929 ची जागतिक मंदी, 1932 पर्यंत साठ लाखाच्या आसपास बेकार, जानेवारी 1933 ला हिटलर चॅन्सेलर, म्हंजे पंतप्रधानासारखा. हिटलर फक्त भाषणं चांगली करायचा म्हणून आला असं लिहू नको. आणि फक्त भरपाईमुळं आला असंपण नको, ज्यूंबद्दलचा द्वेष तिथं आधीपासून होता, त्यानं तो पेटवला आणि साठ लाख ज्यूंची कत्तल झाली.

सारायेव्होचंपण सांगून टाकते. सगळी पोरं लिहितात की सारायेव्हो गावात ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला म्हणून पहिलं महायुद्ध झालं. तो खून 28 जून 1914 चा, निमित्त ते. कारणं आधीची, वसाहतींवरून स्पर्धा, शस्त्रांची शर्यत, गुप्त करार, दोन गट, बाल्कनमधला राष्ट्रवाद. उत्तरात दोन भाग पाड, दूरची कारणं आणि तात्कालिक कारण, आणि मग एक ओळ आपल्या माणसांची टाक. भारतातले दहा लाखाच्या वर लोक त्या युद्धात परदेशी गेले, 74,000 च्या आसपास मेले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कूटच्या वेढ्यात अडकून एप्रिल 1916 ला शरण आल्या, भुकेनं. त्याच रेजिमेंटचं सेंटर 1922 पासून बेळगावात आहे, कॅम्पात गेलीस तर बघून ये. त्यांना विचारलं होतं का कुणी, तुम्हाला जर्मनीशी लढायचंय का म्हणून?

अभ्यास कसा करायचा ते थोडक्यात. एक जुनी वही घे, डाव्या पानावर युरोप-अमेरिका आणि उजव्या पानावर त्याच वेळी भारतात काय चाललंय ते. 1765 ला स्टॅम्प कर, समोर दिवाणी. 1799 ला नेपोलियन सत्तेवर, समोर त्याच साली टिपू पडला. 1815 ला नेपोलियन हरला ती वॉटर्लूची लढाई, समोर 1803 ची असईची लढाई, कारण दोन्हीकडं इंग्रजांचा सेनापती एकच, आर्थर वेलस्ली, जो असईच्या आधी, 1800 ला, धारवाड-हुबळीच्या मुलखात धोंडिया वाघ या बंडखोराच्या मागं फिरत होता. अशी वही झाली की 'मिसळतं' म्हणतेस ते मिसळणं तुझ्याच कामाचं होईल. तुमच्या सरांना मी नावं ठेवणार नाही, पोर्शन संपवायचा असतो त्यांना, पण वही दाखव, बघतील. आणि पीयूसीला (म्हंजे अकरावी-बारावीला) बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत असतं, तेव्हा वहीत प्रत्येक मोठ्या शब्दाशेजारी इंग्रजी शब्दपण आत्ताच लिहून ठेव, नंतर रडत बसायला नको.

सनावळ्या. 1453, 1492, 1517, 1776, 1789, 1871, 1914, 1917, 1919, 1929, 1933, 1939, 1945. एवढ्या पक्क्या कर, बाकीच्या वहीतनं आपोआप बसतील. 1917 ला एक गडबड आहे, रशियाची ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरप्रमाणं नोव्हेंबरात झाली, कारण तिथं तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, तेरा दिवस मागं. पेपरात 'ऑक्टोबर क्रांती, 1917' एवढंच लिही, तारखेच्या भानगडीत पडू नको.